वडिलांसाठी तालीम शोधताना

लालबागेत राहायला गेलो तेव्हा स्टेशन पाच मिनिटांवर होतं आणि बाकी सगळं लांब. बुऱ्हाणपूर शहर परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या आत, आम्ही बाहेर. घरासमोर रिकामे प्लॉट, त्यांच्यापुढे बाभळी आणि पलीकडे मालधक्का. तिथं केळीचे घड मालगाडीच्या वाघिणींत भरले जायचे. दळण टाकायचं तर वेशीच्या आत, वैद्य हवा तर वेशीच्या आत. आईला ती वस्ती कधीच आवडली नाही. मला आवडली होती, कारण मला स्वतंत्र खोली मिळाली होती, आणि अठराव्या वर्षी माणसाला तेवढ्यावरसुद्धा मोठं झाल्यासारखं वाटतं.

त्या हिवाळ्यात माझ्यावर एक काम येऊन पडलं. वडिलांसाठी व्यायामाची जागा शोधायची, आणि आपण ती शोधतोय हे कोणाला कळू द्यायचं नाही.

वडील पुरवठा खात्यात कारकून होते. महायुद्धाच्या दिवसांत धान्याच्या वाटपासाठी उघडलेलं ते खातं, लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी कसंबसं चालू होतं. मग राज्यांची नव्यानं जुळणी झाली. नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आम्ही हिंदी मुलखात राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. कचेरीतले मराठी शेरे बंद होऊन हिंदी शेरे सुरू झाले. त्याच सुमारास वडिलांचं खातं बंद करायचं ठरलं. माणसांना घरी पाठवणार नव्हते, नव्या राज्याच्या दुसऱ्या खात्यांत सामावून घेणार होते. फक्त त्याआधी डॉक्टरी तपासणी व्हायची होती. तपासणी होळीनंतर, असं पत्र आलं.

ते पत्र आलं त्याच्या तीन आठवडे आधी, सकाळी तोंड धुताना, वडिलांच्या उजव्या हातातून तांब्या गळून पडला होता. तोंड जरा वाकडं झालं, ते दोन दिवसांत सरळ झालं. पाय आठवड्यात ताळ्यावर आला. हात मात्र आला नाही. खांद्यापासून हलायचा, पण मूठ वळायची नाही, आणि पेन बोटांत दिलं की घसरून खाली पडायचं. कचेरीत आम्ही मोठा ताप आल्याचं कळवून रजा मागितली. खरं काय ते आई, मी आणि वैद्य एवढ्यांनाच ठाऊक होतं. वैद्य म्हणाले, तेल लावा, शेक द्या, पण मुख्य म्हणजे हाताला रोज काम द्या, बसून राहिला तर तो काम विसरेल.

कारकुनाचा उजवा हात गेला तर त्याला कोण सामावून घेणार? आणि वडिलांची नोकरी गेली तर माझं जबलपूरचं कॉलेज गेलं. मला इंजिनियर व्हायचं होतं. धाकट्या दोघी बहिणी शाळेत होत्या. हे सगळं मी आज शांतपणे लिहितोय. तेव्हा मला रात्रंदिवस एकच दिसायचं, ते म्हणजे वडिलांचा तो हात. मला त्या हाताचा राग यायचा.

पहिला शोध अगदी जवळचा होता. शाळेच्या मैदानावर एक ड्रिल मास्तर मोठ्या माणसांचे सूर्यनमस्कार घ्यायचे. सकाळची वेळ, स्वच्छ हवा, सभ्य मंडळी. मी वडिलांना घेऊन गेलो. दुसऱ्याच नमस्काराला त्यांचा उजवा हात कोपरातून दुमडला आणि ते गालावर आपटले. चारजण उचलायला धावले. "पाय घसरला," वडील म्हणाले. जमिनीवर पालथा पडलेल्या माणसाचा पाय कसा घसरतो, हे कोणी विचारलं नाही, पण त्या मंडळींत वडिलांच्या कचेरीतल्या एकाचा मेहुणा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही.

मग मी गिरणीच्या चाळींमागची तालीम शोधून काढली. कामगारांची तालीम, तिथं कचेरीतलं कोणी येण्याचा संभव नव्हता. एका कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, एका भिंतीला मुद्गलांच्या जोड्या आणि मधोमध मातीचा हौदा. तिथली रीत सगळीकडे असते तीच होती. आत आलेल्या माणसानं आधी वाकून हौद्यातली चिमूटभर माती उजव्या हातानं कपाळाला आणि छातीला लावायची, मग जे करायचं ते करायचं. वडील तरुणपणी तालमीत गेलेले होते. रीत त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होती. ते वाकले. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, तो लुळा लोंबू नये म्हणून. त्यांनी डाव्या हातानं माती घेतली आणि कपाळाला लावली.

"ओ काका!" जोर मारणारा एक पैलवान तिथूनच ओरडला. "उलटा हात? खिशातून हात काढाले जोर येते का? ये बजरंगबली की मिट्टी है, पान का ठेला नहीं."

सगळे थांबले. वडिलांनी नुसतं म्हटलं असतं, की बाबा रे, हात अधू आहे, तर त्याच पैलवानानं त्यांना बसायला चटई दिली असती, माझी खात्री आहे. पण तेच एक बोलायचं नव्हतं. देवाच्या मातीला मुद्दाम डावा हात लावणारा उद्धट बाबू, असा शिक्का घेऊन ते बाहेर आले. सायकलपाशी आल्यावर त्यांनी खिशातला हात काढला. कपाळावरची माती पुसली नव्हती. मी म्हणालो, "दादा, पुसा ती." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते म्हणाले, "राहू दे, माती आहे ती."

त्यानंतर चार दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. पाचव्या दिवशी आईनंच मला राजघाटाचं नाव सांगितलं. तिच्या माहेरची माणसं तिकडे राहायची. तापीच्या काठावर घाटाच्या वर एक जुना आखाडा होता आणि त्याचे वस्ताद म्हातारे होते. नदीपलीकडे जैनाबादला त्यांची थोडी केळीची लागवड होती. ते रोज पहाटे नावेनं इकडे यायचे, आखाडा उरकून उन्हं चढायच्या आत परत जायचे. लालबागेतून राजघाट म्हणजे सगळं शहर ओलांडून पलीकडे. मी वडिलांना सायकलच्या कॅरियरवर बसवून निघालो. शनवाऱ्याच्या वेशीतून आत शिरताना त्यांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. मला आतल्या आत संताप आला. चोरी केल्यासारखे आम्ही चाललो होतो.

आखाड्यात दहा-बाराजण होते. वस्ताद मारुतीसमोरच्या दगडावर बसून मातीत ताक आणि तेल कालवून घेत होते. वडील हौद्याशी गेले, जरा थांबले. उजवा हात पुढं करायचा प्रयत्न त्यांनी केला, तो मला मागून स्पष्ट दिसला. हात अर्ध्यावर आला आणि खाली पडला. मग त्यांनी डावा पुढं केला.

एक तरुण काही बोलणार तेवढ्यात वस्ताद उठले. "थांबजा बाबूजी," ते म्हणाले. "आमच्या इथं दोनी हातानं माती घ्यायची रीत आहे. तुमाले आधी सांगाले पाहिजे होतं, मीच विसरलो." आणि त्यांनी स्वतः वाकून, दोन्ही हातांची ओंजळ करून माती घेतली, कपाळाला लावली. वडिलांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, दोन्ही तळवे जोडले आणि माती घेतली. डाव्याच्या आधारानं उजवा कपाळापर्यंत गेला.

"पण वस्ताद, आपल्याकडे तर..." तो तरुण म्हणाला.

"आपल्याकडे दोनीच हातानं," वस्ताद म्हणाले. "तू आजलोक आळस करत ऱ्हायला, मी पाहून ऱ्हायलो होतो."

दुसऱ्या दिवसापासून त्या आखाड्यात प्रत्येकजण दोन्ही हातांनी माती घेऊ लागला. पुष्कळ वर्षांनी मी एकदा तिथं डोकावलो, तेव्हाही मुलं ओंजळीनं माती घेत होती. त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, इथली पहिल्यापासूनची रीत आहे.

वस्तादांनी हाताबद्दल एक शब्द विचारला नाही. जोर-बैठका त्यांनी वडिलांना सांगितल्याच नाहीत. नदीवर धुतलेल्या सगळ्यांच्या लंगोटांचा ओला ढीग त्यांच्यापुढे टाकला आणि म्हणाले, "हे पिळून वाळत घाला, बाबूजी." माझं डोकं फिरलं. सरकारी कचेरीत टेबलाशी बसणारा माणूस, आणि त्यानं दुसऱ्यांचे लंगोट पिळायचे! मी वस्तादांना तोंडावर तसं म्हणालो. मी तेव्हा कोणालाही तोंडावर बोलायचो, त्याला मी सरळपणा म्हणायचो.

वस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "तुह्या बापाले कुस्ती मारायची आहे का? मंग जोर मारून काय करतील? त्याइले पिळणारा हात पाहिजे. तू सायकल सांभाळ."

वडील ढिगाशी बसले. पहिल्या दिवशी उजव्या हातात लंगोटाचं टोक नुसतं धरूनही ठेवता येईना. ते टोक त्यांनी गुडघ्याखाली दाबलं आणि डाव्यानं पिळलं. आठ दिवसांनी टोक बोटांत राहू लागलं. मग वस्तादांनी त्यांना माती कालवायला बसवलं. ताक, तेल, हळद घातलेली ती जड माती दोन्ही हातांनी मळायची. आई घरी पोळ्यांची कणीकही त्यांच्यापुढं ठेवू लागली. पोळ्या वातड व्हायच्या आणि आम्ही निमूट खायचो. संध्याकाळी मी वहीवर दुहेरी रेघा आखून द्यायचो, पहिलीतल्या मुलाला देतात तशा, आणि वडील त्यांवर अक्षरं गिरवायचे. ज्या माणसानं मला बाराखडी शिकवली त्याचा हात धरून मी "क" काढून घेत होतो. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटायची ती घाई. होळी जवळ येत होती.

होळीपर्यंत त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येऊ लागली. तांब्या धरता येऊ लागला, अर्धा भरलेला. आणि मुख्य म्हणजे सही करता येऊ लागली. आम्ही सगळा जोर सहीवर लावला होता, कारण तपासणीच्या कागदावर तेवढीच लागणार होती. सहीपलीकडे दोन-तीन शब्द झाले की बोटं सैल पडायची. पण तिथं निबंध कोण लिहायला सांगणार होतं?

तपासणीच्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो. आत रांग होती. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. वजन झालं, छाती झाली, डोळ्यांसाठी भिंतीवरची अक्षरं वाचून झाली. वाकून पायाचे अंगठे धरा म्हणाले, वडिलांनी धरले. हात वर करा, केले. कागदावर सही करा. वडिलांनी पेन घेतलं आणि सही केली. जरा तिरपी, पण सही. डॉक्टरांनी शिक्का उचलला. मी व्हरांड्यात मोठ्यानं श्वास सोडला, तो मला आजही आठवतो.

"डॉक्टरसाहेब," वडील म्हणाले, "माझा उजवा हात आपण पाहिला नाहीत."

डॉक्टर थांबले. "काय झालंय हाताला?"

वडिलांनी सांगितलं. तांब्या पडल्यापासून सगळं सांगितलं, तापाची रजा खोटी होती हेसुद्धा. मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती. डॉक्टरांनी शिक्का खाली ठेवला आणि कोरा कागद पुढं सरकवून चार ओळी लिहायला सांगितल्या. वडिलांनी दीड ओळ लिहिली आणि पेन टेबलावर पडलं. डॉक्टरांनी ते स्वतः उचललं. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मला नंतर वाचायला मिळालं: लिखाणाच्या कामास अपात्र.

घरी येताना मी सायकल हातात धरून चालत होतो आणि वडील बाजूनं. वेस ओलांडेपर्यंत मी दम धरला. मग मी बोललो, आणि जे बोललो त्यातलं निम्मं लिहायची मला लाज वाटते. तीन महिने तुम्हाला शहरभर ओढलं ते कशासाठी, असं विचारलं. दुसऱ्यांचे लंगोट पिळलेत ते कशासाठी, असंही विचारलं.

वडील चालता चालता म्हणाले, "त्या वस्तादांनी माझ्यासाठी मारुतीसमोर खोटी रीत सांगितली. सगळा आखाडा रोज ती करतो. माझी लाज झाकायला तेवढं एक पुरे झालं रे. आता टेबलाशी बसून माझं काम शेजारच्यानं करायचं, त्यानं ते लपवायचं, मग साहेबानं लपवायचं... किती माणसांना मी माझ्यासाठी खोटं बोलायला लावू?"

"मग माझं काय?" मी म्हणालो.

मालधक्क्यापाशी एक गाडी उभी होती, तिच्यासाठी रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटक उघडेपर्यंत आम्ही एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

वडिलांची नोकरी गेली, माझं जबलपूर राहिलं. नव्या राज्याला कारकून हवेच होते, हात धड असलेले. पावसाळा संपता संपता मला भोपाळला कारकुनाची जागा मिळाली. निघेपर्यंतचे ते महिने मी वडिलांशी कामापुरतं बोललो. ते मात्र रोज पहाटे राजघाटाला जात होते, आता पायी. मी सायकल देतो असं म्हणालो नाही आणि त्यांनी मागितली नाही. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे उपरणंही तोंडावर ओढत नसत. आई म्हणाली, "कशाला जाता आता?" ते म्हणाले, "हात अजून आहे ना."

भोपाळमध्ये मी हिंदीत शेरे लिहायला शिकलो. आमच्या खोलीत चौघेजण होतो, चौघेही नव्या राज्याच्या चार कोपऱ्यांतून आलेले, आणि प्रत्येकाची काही ना काही तक्रार होती. मी माझी सांगायचो, वडिलांचं नाव न घेता. माणूस सत्यवादी असला की त्याच्या पोरांना कारकुनी करावी लागते, असं काहीतरी बोलायचो. बाकीचे हसायचे.

घरची पत्रं आईच्या अक्षरात यायची. तपासणीला वर्ष होऊन गेल्यावर एक कार्ड आलं, त्यावरचा पत्ता बघून मला वाटलं कोणा लहान मुलानं लिहिलाय. अक्षरं मोठी, काही रेघेच्या वर, काही खाली. मजकूर चार ओळींचा होता. "चिरंजीवास आशीर्वाद. आज घरच्या विहिरीचं पाणी दोरानं दोन्ही हातांनी ओढलं. हे पत्र माझ्या हातानं लिहीत आहे. अक्षर लागलं का ते कळव."

ते चार ओळींचं कार्ड लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल, हे माझ्याइतकं दुसऱ्या कोणालाच कळलं नसतं. वहीवरच्या त्या दुहेरी रेघा मीच आखून दिल्या होत्या. बरोब्बर चार ओळी होत्या, डॉक्टरांनी सांगितल्या होत्या तेवढ्याच. मला पहिलं जे वाटलं ते असं, की आता कशाला? एक वर्ष उशिरा? मी कार्ड पुस्तकात ठेवलं आणि उत्तर लिहिलं नाही. महिनाभरानं आईनं पत्रातून विचारलं, दादांचं कार्ड पोचलं का. मी तिला लिहिलं, पोचलं, कामाचा व्याप फार आहे. व्याप नव्हता. राग होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत तो माझ्यात राहिला आणि मग कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही. गेला तेव्हा त्या कार्डाला उत्तर लिहिण्याची वेळ निघून गेली होती. निदान मी तसं समजत होतो.

वडील पुढं पुष्कळ वर्षं जगले. हात चांगला सुधारला. मालधक्क्यावरच्या हमालांना गावाकडची पत्रं लिहून द्यायला ते रोज दुपारी तिथं जाऊन बसत, मराठीत आणि हिंदीतही. त्यांचं अक्षर वळणदार नव्हतं, पण लागायचं, असं ते हमाल मला सांगत. मला मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा कधी लिहिलं नाही.